तंबू आणायचाच!

प्रिय मित्रा,

'वाटेत निवारे आहेत, मग तंबूचं ओझं कशाला?' हे तुझ्या पत्रातलं वाक्य वाचून हसू आलं. पहिल्या खेपेला हाच शहाणपणा मीही केला होता.

आपण चालणार ती ॲपलेशियन ट्रेल ही अमेरिकेतली डोंगरातली पायवाट जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाते, जवळपास ३,५०० किलोमीटर. तिच्यावर २५० हून जास्त शेल्टर आहेत, हे खरं. पण शेल्टर म्हणजे खोली नव्हे रे! बहुतेकांना तीनच भिंती, वर उतरतं छप्पर, झोपायला फळ्यांचा ओटा. चौथी बाजू सताड उघडी. बहुतेक ठिकाणी आरक्षण नाही. जो आधी पोचला त्याची जागा. मी पोचलो तेव्हा अंधार पडला होता, पाऊस कोसळत होता आणि ओट्यावर माणसं दाटीवाटीनं आडवी झाली होती. कुणी काही बोललं नाही, सगळे फक्त वीतभर सरकले. मला कडेची जागा मिळाली. वारा फिरला की पाऊस थेट पायांवर.

आणि तिथले खरे मालक म्हणजे उंदीर. छपराखाली दोऱ्या लोंबत असतात, प्रत्येकीत मध्येच एक पालथा डबा ओवलेला. उंदीर दोरीवरून उतरतो आणि डब्यावरून घसरतो. सॅक तिथे टांगायची, पण खिसे उघडेच ठेवायचे. चेन बंद असली की हे महाशय कापड कुरतडून आत शिरतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. भोक भेटलास की दाखवीन. खाणं मात्र सॅकमध्ये ठेवायचंच नाही. अस्वलांमुळे ते दूर, झाडांमधल्या तारेवर चढवायचं, किंवा लोखंडी पेटी असेल तर तिच्यात.

सकाळी तिथली वही वाचत बसलो. कुणी पुढचा झरा आटल्याचं लिहिलेलं, कुणी पायाच्या फोडांचं रडगाणं. तूही नाव, तारीख आणि पुढचा मुक्काम लिहीत जा. माणूस हरवला तर शोधणाऱ्यांना त्यावरून माग लागतो.

वाटेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात मात्र परवाना हवा आणि शेल्टरमधली जागाही आधी राखून ठेवावी लागते. ते माझ्याकडे लागलं.

तंबू दोघांत वाटून घेऊ. कापड तू घे, काठ्या-खुंट्या मी. आणि कानात घालायचे बोळे आण, दोन जोड. तू घोरतोस हे मी विसरलेलो नाही. एक जोड शेजाऱ्याला देऊ.

तुझाच,
जुना वाटसरू