बाइंडर काकांना, विक्रांतच्या डेकबद्दल

आदरणीय काका,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता आणि चहा मागवता. म्हणून हे लिहून काढतो आहे, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितो आहे.

आपल्या नौदलाच्या जुन्या विमानवाहू विक्रांतचं मी कागदी मॉडेल करतो आहे, आणि त्याचा डेक, म्हणजे विमानं उतरायचा वरचा मजला, सपाट बसला, काका. 85 सेंटिमीटर लांब पुठ्ठा, एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं तरी कुठे उचललेला नाही की पिळलेला नाही. दोन पावसाळे काढूनही तो तसाच आहे.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कागदी जहाज म्हणजे घडी घालून पाण्यात सोडायची होडी नव्हे. यात जहाजाचा प्रत्येक भाग प्रमाणात काढून कागदावर छापतात, कापतात आणि जोडतात. पोलंडमध्ये ‘माली मोडेलाश’ हे मासिक 1957 पासून असे संच छापत आलं आहे. जर्मनीत विल्हेल्म्सहाफेनच्या संचांमुळे जहाजांसाठी 1:250 हे प्रमाण रूढ झालं. आत एक मिलिमीटर पुठ्ठ्याचा उभा कणा आणि त्याला खाचांत अडकवलेल्या आडव्या फासळ्या असतात. वरून साध्या कार्डशीटची कातडी चढते. विक्रांतचा तयार संच मला मिळाला नाही, म्हणून रेखाचित्रांवरून फासळ्या स्वतः काढल्या. खरं जहाज सुमारे 213 मीटरचं, त्याचे 1:250 ने 85 सेंटिमीटर होतात.

मी तुमच्याकडे आलो होतो तो जुन्या मासिकांचे अंक बांधून घ्यायला. जाता जाता एक मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, म्हणजे बांधणीचा करडा पुठ्ठा, आहे का विचारलं. कशाला हवा, हे ऐकल्यावर तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत. एक ताव घेतलात, कोपऱ्यातून दोन पट्ट्या फाडल्यात, एक उभी, एक आडवी. एक सरळ फाटली, दुसरी वेडीवाकडी. “आधी ग्रेन बघ, मग कात्री लाव,” एवढंच म्हणालात.

त्या दोन पट्ट्यांवर माझं सगळं जहाज उभं आहे. कागद बनताना त्यातले तंतू यंत्राच्या दिशेने एका रांगेत बसतात, ती दिशा म्हणजे ग्रेन, आणि कागद त्या दिशेला समांतर सहज वळतो; आडवा वळवला तर घडीवर तडकतो. ओला झाला की तो फुगतो मुख्यतः ग्रेनच्या आडव्या दिशेने. पुस्तक बांधणाऱ्याला हे माहीत असावंच लागतं, नाहीतर पानं नीट पडत नाहीत आणि पुठ्ठा वाकतो. जहाज करणाऱ्याला त्याची गरज तितकीच आहे, पण संचातल्या सूचनांत ते क्वचितच नीट समजावलेलं दिसतं. जहाजाच्या कुशीवर ग्रेन नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत लांबीने धावायला हवा. मग डिंकाच्या ओलीने कातडी लांबीत फारशी सैलावत नाही आणि दोन फासळ्यांच्या मध्ये खड्डे पडत नाहीत. उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारखी दिसणारी कागदी जहाजं पुष्कळ पाहिली आहेत. शिवाय तळाकडे कागद वळतो तोही लांबीच्याच अक्षावर, म्हणजे दोन्ही कामं एकाच दिशेने साधतात.

फासळ्यांवर थेट बाहेरचा कागद चढवू नये, आधी अस्तर द्यावं, हेही तुमचंच. कापड चढवण्याआधी पुस्तकाच्या पाठीला जाळी लावता, तसं पातळ कागदाचं अस्तर मी फासळ्यांवर लावलं. नाळेपाशी मात्र अस्तरानेही काम भागत नाही. कागद एकाच दिशेने वळतो, दोन्हीकडून फुगत नाही; त्यामुळे नाळ आणि मागची गोलाई पाकळ्या कापूनच करावी लागते. त्या पाकळ्यांच्या कडा एकमेकींवर न चढता टोकाला टोक कशा भिडवायच्या, ते तुम्ही चामड्याचे कोपरे कापताना दाखवलंत.

आणि डेक. तीन A4 जोडून केला असता तर सांधे दिसले असते. तुम्ही 23 बाय 36 इंचांचा ताव काढलात, लांब बाजूला ग्रेन असलेला, आणि 85 सेंटिमीटर त्यात आरामात बसले. पुठ्ठ्याच्या एका बाजूला कागद लावला की तो वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून तोच कागद, तोच ग्रेन, उलट्या बाजूलाही. मैद्याची खळ, कारण ती कागद सरकवून जागेवर बसवायला वेळ देते. त्यात चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. मग चाक फिरवायच्या त्या जुन्या लोखंडी प्रेसमध्ये, दोन फळ्यांच्या मध्ये. मी श्रावणात घाई करत होतो आणि तुम्ही सरळ नाही म्हणालात. “हवा ओली आहे. दसऱ्यानंतर ये.” दसऱ्यानंतर आलो तेव्हा तुम्ही प्रेस रिकामा करून ठेवला होता. दिवाळी अंकांची कामं दाराशी थांबलेली असताना तो तुम्ही माझ्या डेकसाठी अडवलात, आणि पैशांचं नावही काढू दिलं नाहीत. याचे आभार कसे मानायचे हे मला खरंच कळत नाही.

विक्रांतच का, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही. ते जहाज 1945 मध्ये ब्रिटनमध्ये पाण्यात उतरलं, युद्ध संपल्याने अर्धवट पडून राहिलं, 1957 मध्ये भारताने घेतलं आणि 4 मार्च 1961 ला बेलफास्टमध्ये आपल्या नौदलात दाखल झालं. डिसेंबर 1971 मध्ये त्याच्या डेकवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. 1997 मध्ये ते निवृत्त झालं, मग मुंबईत काही वर्षं संग्रहालय होतं. शाळेच्या सहलीत मी त्या डेकवर चाललो आहे. 2014 मध्ये ते भंगारात निघालं, तोडलं गेलं. त्याचं काही लोखंड मोटारसायकलींत गेलं, काही मुंबईतल्या स्मारकात. एवढं मोठं जहाज जपणं आपल्याला जमलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या डेकवर पुन्हा चालता येणार नाही, पण तो प्रमाणात, सरळ, जसा होता तसा करता येतो. आणि करायचा तर वाकडा नको होता. तुम्ही हे न सांगता ओळखलंत असं मला वाटतं, नाहीतर एका अनोळखी गिऱ्हाइकासाठी एवढं कोणी करत नाही.

आता फक्त विमानं उरली आहेत. सी हॉक झाली, पंख मिटलेली. अलिझे अजून व्हायची आहेत. पंख पसरले तर ती या प्रमाणात जेमतेम सहा सेंटिमीटर भरतात, आणि माझ्याकडचा कागद त्यांना जाड पडतो. तुमच्या कपाटात वरच्या फळीवर जो पातळ ताव आहे, त्यातला अर्धा माझ्यासाठी बाजूला ठेवाल का? रविवारी दुकान बंद असतं, म्हणून सोमवारी सकाळी मॉडेल घेऊनच येतो. या वेळी चहा माझ्याकडून.

तुमचा,
जहाजवाला