ऋताचं कॉन्ट्रॅक्ट आणि प्रभातचं फाटक

पुणे,
११ जुलै

प्रिय नंदे,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. फोन हाताशी असताना चार पानी पत्र पाठवलंस, तेव्हाच ओळखलं की बाई रागावली आहे. तुझ्या नातीने, ऋताने, इंजिनियरिंगचं एक वर्ष मागे टाकून सिनेमात काम करायचं ठरवलंय, मनू रडतेय, जावई गप्प झालेत, आणि ‘विजू, तू पुण्यात आहेस, तिला समजाव’ ही तुझी आज्ञा. वर शेवटची ओळ : ‘आपल्या घरातली मुलगी आजवर कधी पडद्यावर गेलेली नाही.’

हे वाक्य कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं, मग आठवलं. अगं, दुर्गा खोटेंच्या घरातलीही कुठे गेली होती? वडील लाड सॉलिसिटर, मुलगी कॅथीड्रल शाळेत आणि मग सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, सासर खोट्यांचं. सासरची सांपत्तिक घडी विस्कटली, पदरात दोन मुलगे. १९३१ साली एका सिनेमात लहानसं काम केलं, ‘फरेबी जाल’. सिनेमा वाईट निघाला आणि जाहिरात मात्र झाली घराण्याच्या नावाची. नाचक्की म्हणजे काय ते बाईंनी तेव्हा भोगलं. दुसरी कुणी असती तर त्या एका कामावर सिनेमाचं नाव टाकलं असतं. पण प्रभात फिल्म कंपनीने बोलावलं आणि त्या कोल्हापूरला गेल्या. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि ह्या तारामती.

आता गंमत बघ. १९१३ साली फाळक्यांनी हरिश्चंद्र काढला तेव्हा तारामती करायला बाई मिळेना. खानावळीत काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवून उभं करावं लागलं. (त्याच साली ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या. ह्या कमलाबाई म्हणजे आपल्या विक्रम गोखल्यांची आजी. त्या धाडसाबद्दल आपण फार कमी बोलतो.) तीच तारामती एकोणीस वर्षांनी घरंदाज घरातली शिकलेली बाई करते, स्वतःच्या गळ्याने गाते, आणि लोक नावं ठेवायच्या ऐवजी नमस्कार करू लागतात. सगळे म्हणतात, तारामतीने त्यांचं आयुष्य बदललं. मला त्यांचं त्यानंतरचं वागणं जास्त थोर वाटतं. तेव्हा नटनट्या महिन्याच्या पगारावर एकाच कंपनीला बांधलेल्या असत. ह्या बाई मात्र प्रभातलाच चिकटून राहिल्या नाहीत, कलकत्त्याला न्यू थिएटर्सकडेही काम करून आल्या. जिथे भूमिका तिथे आपण. म्हणून तर १९६० ला पंचावन्नाव्या वर्षी ‘मुगल-ए-आझम’ची जोधाबाई उभी राहिली, आणि पुढे त्यांच्याच संस्थेने ‘वागले की दुनिया’ काढली. आपण दोघी ती मालिका बघताना वागल्यांना हसायचो. तिच्यामागे तारामती आहे हे कुणाला ठाऊक होतं?

तू म्हणशील, विजूला विषय सोडून भरकटायची सवय. थांब, येते.

रोज संध्याकाळी मी लॉ कॉलेज रोडने फिरायला जाते ते तुला माहीतच आहे. गुडघे कुरकुरले की फिल्म इन्स्टिट्यूटच्या फाटकासमोर जरा टेकते. हा मूळचा प्रभातचा स्टुडिओ. कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून इथे आली. ह्याच फाटकाशी १९३९ साली शांता आपटे उपोषणाला बसली होती. कारण काय, तर कंपनीशी केलेला करार आणि पगार. ‘कुंकू’ येऊन दोन वर्षं झाली होती. अख्ख्या देशात नाव झालेली नटी, आणि आपल्याच कंपनीच्या दारात उपाशी!

‘कुंकू’ तू पाहिलायस का गं? मी फिल्म अर्काइव्हमध्ये पाहिला. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरू. ती रडत नाही, जीव देत नाही, ‘हे लग्न मला मान्य नाही’ म्हणून नुसती ताठ उभी राहते. सावत्र मुलगा अंगचटीला आला तर छडीने फोडून काढते. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे टोले, भांड्यांचा आवाज, एवढंच. त्या शांततेत ती पोरगी गाऊ लागते तेव्हा अंगावर काटा येतो. इंग्रजी कवितासुद्धा गाते, चक्क लाँगफेलो! तिच्या समाजकार्य करणाऱ्या सावत्र मुलीचं काम शकुंतला परांजप्यांनी केलंय. हो, त्याच, संततिनियमनाचं काम करणाऱ्या, दिग्दर्शिका सई परांजप्यांच्या आई. केशवराव दात्यांचा म्हातारा असा की त्याचा राग येता येता दया येते. पण डोळे पुन्हा पुन्हा वळतात शांता आपटेकडेच.

तर पडद्यावर नीरू झालेली ही बाई दोन वर्षांनी फाटकावर बसली. आणि नुसती बसून राहिली नाही. पुढच्याच वर्षी तिने पुस्तक लिहिलं. नाव काय असेल? ‘जाऊ मी सिनेमात?’ नंदे, तुझ्या नातीचाच प्रश्न तिने १९४० साली छापून ठेवलाय. त्यानंतर मद्रासेला जाऊन तमिळ ‘सावित्री’त सावित्री झाली. भाषा शिकून केली. त्यात नारद कोण होतं सांगू? एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ह्या दोघींना एका पडद्यावर पाहणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

हंसा वाडकरबद्दल लिहू की नको, असा विचार दोन दिवस केला, कारण तुझी भीती खरी तर तिच्यासारखं काही होण्याची आहे. तर लिहितेच. मूळची रतन साळगावकर. १९३६ ला पहिला सिनेमा केला तेव्हा धड तेरा-चौदाची. घरात पैसा हवा म्हणून कामाला लावलेली पोर. प्रभातची ‘संत सखू’, मग ‘लोकशाहीर रामजोशी’, आणि १९५९ ला ‘सांगत्ये ऐका’. अनंत मान्यांचा तो तमाशापट पुण्यात विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं गं! पण तोवर ती छत्तिशीला आली होती, आणि ‘बुगडी माझी सांडली गं’वर लोकांच्या डोळ्यांत भरली ती सिनेमातली तिची मुलगी, जयश्री गडकर. तीही ‘झनक झनक पायल बाजे’च्या घोळक्यात नाचणारी एक पोर होती. एकीचा सगळ्यात मोठा सिनेमा हा दुसरीचा पहिला जिना.

हंसाने मग आपलं आयुष्य सांगितलं. ‘माणूस’ साप्ताहिकातून छापून आलं, १९७० ला पुस्तक झालं, नाव तेच : ‘सांगत्ये ऐका’. दारू, पुरुष, पळून जाणं, फसणं, परत येणं, काही झाकलं नाही. माझ्या आईने ते पुस्तक कपाटात कपड्यांखाली ठेवलं होतं, म्हणून तर मी वाचलं. वाचून जे लक्षात राहिलं ते वेगळंच. त्या बाईला सारखं घर हवं होतं. सिनेमा सोडून नीट संसार करायचा होता, आणि तिच्या कमाईवर जगणारी माणसं तो करू देत नव्हती. वाईट सिनेमाने केलं की घराने, तूच ठरव.

पुस्तक आलं आणि पुढच्या वर्षी ती गेली. तिच्या त्या कहाणीवरून श्याम बेनेगलांनी १९७७ ला ‘भूमिका’ केला, आणि स्मिता पाटील आपल्याला मिळाली. मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी स्मिता आठवते? जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसायची म्हणे, आणि आपण तिच्या कुंकवाची नक्कल करायचो. सेवादलाच्या कलापथकातली पुण्याची पोरगी. विशी नुकती ओलांडलेली, आणि ‘भूमिका’त षोडशीपासून थकलेल्या बाईपर्यंत सगळी वयं तिने अंगावर घेतली. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका बाईने जे भोगलं ते दुसरीच्या पदरात मोठी भूमिका म्हणून पडलं. ह्याचा मला अजूनही हिशेब लागत नाही.

आणि १९८२. ‘उंबरठा’ आपण दोघींनी मिळून पाहिला. त्याच वर्षी स्मिता ‘नमक हलाल’मध्ये पावसात अमिताभबरोबर नाचली. आपण नाकं मुरडली होती : सुलभा महाजन करणारी बाई असं कशी करते! आता वाटतं, आपल्याला काय जात होतं? तिला दोन्ही पडद्यांवर उभं राहायचं असेल. पुढे चार वर्षांत ती गेलीच, एकतिसाव्या वर्षी, तान्हं मूल मागे ठेवून. त्यावर आणखी काय लिहू.

‘उंबरठा’ सुटल्यावर बसस्टॉपवर तू काय म्हणालीस, आठवतं? सुलभा घरी परतते, तिथे तिची जागा उरलेली नसते, आणि ती पुन्हा निघते. तू म्हणालीस, ‘मी असते तर परत आलेच नसते.’ तेव्हा तुझ्या पर्समध्ये नोकरीची ऑर्डर होती. सासूबाईंनी ती आठ दिवसांनी फाडली, हे तू मला वर्षभराने सांगितलंस. ह्यावर मी कधी काही बोलले नाही, आजही बोलणार नव्हते. राग आला तर ये.

आता कामाचं. ऋता काल आली होती. मी काही समजावलं नाही, थालीपीठ वाढलं. भूमिकेबद्दल भरभरून बोलत होती, डोळे असे चमकत होते की तुझीच आठवण झाली. मग मी म्हटलं, सही करायचे कागद दाखव. तिने फोनवर दाखवले. अकरा पानं, बारीक अक्षर. सातव्या पानावर लिहिलंय की तीन वर्षं दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही, ह्यांनी काम दिलं नाही तरी. आणि त्या तीन वर्षांचा पैसा किती, त्याचा कुठे पत्ताच नाही. पोरीने ते पान वाचलंच नव्हतं. मी तिला शांता आपटेची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा हसली. मग फोन हातात घेऊन ते पान दोनदा वाचलं.

भूमिका चांगली आहे, मी ऐकली. ‘सैराट’मधल्या अकलूजच्या रिंकूनेही बाहेरून परीक्षा देऊन दहावी केलीच की, तेव्हा इंजिनियरिंग कुठे पळून जात नाही. मनूला एवढं सांग. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वकीलबाई गुरुवारी संध्याकाळी ते कागद बघणार आहेत. ऋता येते म्हणालीय. तुला रस्ता माहीत आहे, सांगलीहून सकाळची गाडी धरलीस तर चारपर्यंत पोचशील. चष्मा आण, अक्षर फार बारीक आहे.

तुझी,
विजू