एन्झाइम पाण्याबाहेर मरतंच असं नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला पचनावरचा लेख मस्त होता, फक्त एक वाक्य खटकलं, की एन्झाइम (म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रोटीन) पाण्यातच काम करतं आणि उकळलं की संपलं. मीपण क्लासमध्ये बारावीच्या पोरांकडून कित्येक वर्षं हेच घोकून घेतलंय, त्यामुळे लेखकाला एकट्याला कशाला बोल लावू.

१९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये झॅक्स आणि क्लिबानोव या दोघांनी डुकराच्या स्वादुपिंडातलं लायपेज, म्हणजे चरबी पचवणारं एन्झाइम, घेतलं, जवळजवळ सगळं पाणी काढून टाकलं आणि तेलकट द्रावणात १०० डिग्रीला ठेवलं, तर ते कित्येक तास टिकलं, नुसतं टिकलं नाही तर त्या तापमानाला जोरात कामही करत होतं! पाण्यात हेच बघता बघता बाद होतं. कारण काय तर कणकेचा ओला गोळा कसाही वळतो, वाळला की आहे तसाच राहतो, तसं पाणी कमी झालं की प्रोटीन ताठ होतं आणि उष्णतेने उलगडायला त्याला जागाच मिळत नाही. ताठपणाचा तोटापण आहे म्हणा, साध्या पाण्यातल्या मानाने वेग बऱ्याचदा खूपच पडतो.

आणि गंमत म्हणजे एन्झाइमला शेवटचं पाणी आठवतं. ज्या पीएचच्या (पीएच म्हणजे आम्लतेचं माप) पाण्यातून सुकवलं त्याच पीएचला असल्यासारखं ते नंतर हेक्झेनमध्ये, म्हणजे पाण्यात न मिसळणाऱ्या एका द्रवात, वागतं, याला पीएच मेमरी म्हणतात. माझ्या पोरांची मेमरी परीक्षेपर्यंतपण टिकत नाही ते सोडा.

पण पार कोरडं ठाक करूनपण चालत नाही, एन्झाइमच्या अंगाला चिकटलेलं थोडं पाणी लागतंच. म्हणून हेक्झेन बरं, ते पाण्याला फारसं विचारत नाही, उलट ॲसिटोनसारखं पाण्यात मिसळणारं सॉल्व्हंट तेवढंही ओढून घेतं आणि काम थंडावतं.

फायदा काय म्हणाल तर पाणी भरपूर असलं की लायपेज चरबी तोडतं, तेच पाणी कमी असलं की फॅटी ॲसिडची अदलाबदल करतं, आणि पाम तेलाच्या भागापासून कोको बटरसारखं फॅट असंच बनवतात. म्हणजे चॉकलेट खाताना तुम्ही कदाचित हे खाल्लंही असेल.

लेख परत छापा म्हणत नाही, त्या वाक्यात 'बहुतेक वेळा' तेवढं घाला.

आपला,
एक क्लासवाला वाचक