जाहिरातीत पाण्याचा उल्लेखही नाही

संपादक महोदय,

आपल्या घरांच्या पुरवणीत ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांच्या पानभर जाहिराती असतात. तरणतलाव, क्लबहाऊस, मेट्रो हाकेच्या अंतरावर, सगळं असतं. पाण्याचं नाव नसतं.

मुलगा आणि सुनेबरोबर सध्या वाघबीळ ते कासारवडवली घरं बघत हिंडते आहे. एका नमुना फ्लॅटमध्ये सवयीने स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर ठणठणीत कोरडा. "काकू, तो फक्त दाखवायला आहे," सेल्सचा मुलगा हसला. खऱ्या घरात पाणी कुठलं, असं विचारल्यावर "महापालिकेचं कनेक्शन मिळणारच ना" असं म्हणाला. किती मिळेल आणि कधीपासून, हे विचारलं तेव्हा तो आम्हाला गच्चीवरची बाग दाखवायला घेऊन गेला. बाग छान होती, खोटं कशाला बोलू.

बाहेर पडल्यावर शेजारच्या, लोक राहायला येऊन काही वर्षं झालेल्या सोसायटीच्या फाटकाशी गेलो. आत टँकर रिकामा होत होता. फलकावर टँकरच्या खर्चापोटी मेंटेनन्स वाढवल्याची नोटीस. वॉचमन म्हणाला, "उन्हाळ्यात या, मग बघा." बिल्डरच्या ऑफिसात तासभर बसून जे कळलं नाही, ते इथे पाच मिनिटांत कळलं.

नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे. ठाणे महापालिकेकडे तसं धरण नाही. आपली स्वतःची योजना भातसा नदीवर, आणि बाकीचं पाणी स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी व मुंबई महापालिकेकडून. घोडबंदरच्या पाण्याचा प्रश्न तर २०१७ साली उच्च न्यायालयात गेला होता. तरीही टॉवर उठताहेतच.

जाहिरातीत महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक द्यावा लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या किंवा नमुना फ्लॅटमधल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं, तर ग्राहकाला भरपाई मागता येते. पण जे छापलंच नाही, ते खोटं कसं ठरवणार? सेल्सच्या मुलाचं तोंडी "मिळणारच ना" कुठल्या कागदावर आहे?

म्हणून महारेराने जाहिरातीत आणखी एक ओळ सक्तीची करावी: पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं, आणि नळजोडणी मंजूर आहे की नाही. तोवर आपल्या पुरवणीने तरी ही माहिती बिल्डरकडून मागून जाहिरातीशेजारी छापावी. जाहिरातदार कुरकुरतील, पण एकाने छापली की दुसऱ्याला गप्प बसणं जड जाईल.

रविवारच्या 'साइट व्हिजिट'बद्दलही एक सांगते. त्या दिवशी रस्ता मोकळा असतो. सून कामाच्या दिवशी सकाळी आठला कासारवडवलीहून ठाणे स्टेशनला जाऊन बघणार आहे. तिचा अनुभव आल्याशिवाय आम्ही टोकन देणार नाही.

– एक वाचक, चरई, ठाणे (प.)