घाटातल्या गाड्या आणि ब्रेक ऑइल

महोदय,

पावसाळ्याआधी टायर आणि वायपर आवर्जून तपासणारे आपण कोकणवासी ब्रेकच्या बाबतीत मात्र ‘लागतोय ना, मग झालं’ एवढ्यावरच समाधान मानतो. पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘डॉट ३’ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. कुंभार्ली किंवा आंबोलीच्या सलग उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला, तर असे ऑइल तापून नळीत वाफ धरते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल थेट तळाला जाते. म्हणून पातळी पाहून वर थोडे ऑइल ओतण्यापेक्षा साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलून घ्यावे. कॅलिपरच्या (चाकाच्या तबकडीवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून अडकल्या की आतला पॅड झिजून मागच्या पत्र्यापर्यंत येतो, बाहेरचा मात्र धड दिसतो. तेव्हा चाक काढूनच तपासणी करण्याचा आग्रह धरावा. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणे तर घातकच, कारण ब्रेक बूस्टरची (पेडलच्या दाबाला जोड देणाऱ्या भागाची) मदत त्यामुळे लवकरच संपते.

खासगी मोटारीचा धूर नियमाने ठरावीक मुदतीत तपासला जातो, ब्रेकची सक्तीची तपासणी मात्र सहसा पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणावेळीच होते. परिवहन विभागाने निदान घाटालगतच्या तालुक्यांत मे महिन्यात ब्रेक तपासणी शिबिरे घ्यावीत.

– एक वाचक, चिपळूण