चाळिशी लागली म्हणून काय झालं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आई, चाळिशी लागली, आता म्हातारपण सुरू." हसत बोललीस, पण आवाज बसलेला होता. तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून लिहिते.

अगं, त्या चष्म्याला आपल्याकडं नावच चाळिशी आहे. या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसेनासं होतं. सगळ्यांचंच होतं.

माझा मोतीबिंदू वाढत होता तेव्हा अण्णांचं धोतर मला सारखं पिवळट दिसायचं. मी नीळ वाढवत गेले. ऑपरेशननंतर पट्टी निघाली आणि दोरीवर बघते तर धोतर निळंशार! पिवळं पडलं होतं ते माझ्या डोळ्यातलं भिंग. त्या दिवशी कितीतरी वेळ अंगणात बसून राहिले. तुळस, पत्र्यावरचं ऊन, शेजारच्या रानातली करडई, सगळं नव्यानं दिसत होतं. वय ६२.

गुडघे दुखतात, खोटं कशाला सांगू. पण काळजी करायचीच तर पायांची कर. तिशी ओलांडली की अंगातलं मांस हळूहळू झडायला लागतं, बसून राहणाऱ्याचं जास्तच. तू दिवसभर कॉम्प्युटरपुढं असतेस, ते मला खटकतं. भुईवर मांडी घालून बस आणि हात न टेकता उठून बघ. मी अजून भाकरी थापायला खालीच बसते, उठताना मात्र भिंत धरावी लागते. पाळी गेली की हाडंही ठिसूळ होतात, म्हणून आत्तापासून चालत जा, तिळाची चटणी खा.

आणि चार पैसे स्वतःच्या नावावर ठेव. आत्या ७९ ची झाली. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एस.टी.त तिकीट लागत नाही, तेव्हापासून ती मनात आलं की तुळजापूरला जाऊन येते. आधी प्रत्येक वेळी लेकाकडं हात पसरावा लागायचा. तिला वयानं नाही, त्या मागण्यानं म्हातारं केलं होतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. माझी शाळेतली मैत्रीण सास्तूरला दिली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ती घराखाली गेली. माझ्याच वयाची, ३४ वर्षांची. तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. मला पहिला पांढरा केस दिसला तेव्हा तीच आठवली. तो केस मी उपटला नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवसला ये. शेतात कोपीपाशी मांडी घालून भज्जी-आंबील खाऊ. चाळिशी विसरू नकोस, अण्णांच्या सदऱ्यांची बटणं राहिलीत. सुईत दोरा तू ओव.

तुझी,
आई