अर्ज भरायला लागणारे तास कोण मोजतो?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : पेन्शनच्या सरकारी मदतीसाठी मागितली जाणारी कागदपत्रे

महोदय,

अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली आणि निवृत्त झाल्यापासून पूर्व भागातील विडी व यंत्रमाग कामगारांचे फंडाचे आणि पेन्शनचे अर्ज भरून देणे हा माझा, म्हटला तर उद्योग आणि म्हटला तर विरंगुळा झाला आहे. सोलापुरात ‘फंड’ म्हटले की भविष्य निर्वाह निधी, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. या कामातून सुचलेली एक सूचना आपल्या पत्रातून मांडावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

मध्यंतरी एका बाईंचे प्रकरण माझ्याकडे आले. विड्या वळल्या अठ्ठावीस वर्षे, पण फंड कापला गेला तो अठराच वर्षे. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निवृत्त म्हणजे त्यांचे कार्ड बंद झाले, विड्या सुनेच्या कार्डावर अजून वळतातच. कारखान्याच्या रजिस्टरात त्यांचे नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे, आणि बँकेच्या पासबुकात सासरचेच, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. जन्मतारीख म्हणून रजिस्टरात नुसते वर्ष आणि आधारवर १ जानेवारी. नाव दुरुस्त करायचे तर त्यांना संयुक्त घोषणापत्र लागले, म्हणजे कामगाराबरोबर मालकाचीही सही हवी होती. ज्या शाखेतून त्या पाने-तंबाखू आणत आणि संध्याकाळी विड्या जमा करत, ती शाखा केव्हाच बंद होऊन तिथे आता मोबाईलचे दुकान आहे. जुने रजिस्टर शोधून त्यावरून सही मिळवण्यात दोन आठवडे गेले. त्यानंतर अर्ज तीनदा परत आला : पहिल्यांदा नावासाठी, दुसऱ्यांदा जन्मतारखेसाठी आणि तिसऱ्यांदा पासबुकाच्या स्कॅनवरील शिक्का पुसट आहे म्हणून. हे तिन्ही दोष पहिल्या दिवशीच्या अर्जात होते आणि ते एकाच वेळी सांगता आले असते.

हिशेबनिसाची खोड म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर वेळ टिपत गेलो. बाईंचे २६ तास गेले, माझे ११. रिक्षा, झेरॉक्स आणि सेवा केंद्राची फी मिळून १,१४० रुपये झाले. आता पेन्शन किती, तेही पाहा. फंडाबरोबरच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे सूत्र साधे आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. त्यांचे वेतन ३,५०० रुपये आणि सेवा १८ वर्षे, म्हणजे पेन्शन ९०० रुपये. केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये केली असल्यामुळे वरचे शंभर रुपये सरकारी मदतीचे. पहिल्या महिन्याची पेन्शन अर्जानेच खाल्ली आणि वर १४० रुपये अंगावर आले. (एक हजार रुपये पुरतात का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तो इथे काढला तर हे पत्र कधीच संपणार नाही.)

पेन्शनला सरकारी मदत आणि त्या मदतीसाठी कागद, हे दुखणे आपल्याच वाट्याला आलेले नाही. अमेरिकेत एका धंद्यातील अनेक मालक आणि कामगार संघटना मिळून एक सामाईक पेन्शन फंड चालवतात. ट्रकचालक, गवंडी, पाववाले अशा अनेकांचे असे फंड आहेत. धंदे आटले, कंपन्या बंद पडल्या, वर्गणी भरणारे हात कमी आणि पेन्शन घेणारे जास्त झाले, आणि त्यांतील बरेच फंड दिवाळखोरीच्या कडेला आले. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे एकेक करून थांबलेले ज्यांनी पाहिले, त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावी लागणार नाही. ११ मार्च २०२१ रोजी तिथे जो कायदा झाला, त्याने अशा फंडांना विशेष मदत देऊ केली. ती कर्जाऊ नाही, परतफेड करायची नाही, आणि २०५१ पर्यंत सभासदांची पेन्शन पुरी देता यावी अशा बेताने तिचा आकडा ठरतो. १९७४ च्या कायद्याने स्थापन झालेले ‘पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन’ हे सरकारी महामंडळ अर्ज तपासून पैसे देते. ट्रकचालकांच्या ‘सेंट्रल स्टेट्स’ या एकट्या फंडाला डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे ३,५८० कोटी डॉलर मंजूर झाले आणि साडेतीन लाखांहून अधिक लोकांची पेन्शन वाचली.

एवढी रक्कम द्यायची तर कागद मागितले जाणारच आणि ते मागितलेच पाहिजेत. फंडाचा करारनामा, विमागणितीने (ॲक्च्युअरीने) केलेली मूल्यांकने, वार्षिक विवरणपत्रे, बँक खात्यांचे उतारे, पुढील तीस वर्षांत दरवर्षी किती पैसा लागेल याचा तक्ता आणि या सर्वाखाली विश्वस्ताची शपथपूर्वक सही, असा तो ऐवज असतो. मदत मिळाल्यावरही अटी पाळल्याचे निवेदन २०५१ पर्यंत दरसाल द्यायचे आहे. माझा आक्षेप कागदाला नाही. उभा जन्म व्हाउचरला व्हाउचर लावण्यात घालवलेल्या माणसाने कागदाविरुद्ध बोलू नये, हे मला कळते.

मला महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. तिथे ‘पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट’ नावाचा १९८० चा कायदा आहे, १९९५ मध्ये तो अधिक कडक झाला. एखाद्या सरकारी खात्याला लोकांकडून माहिती मागवायची असेल, तर ती कशासाठी हवी, ती देण्यास एका अर्जदाराला सरासरी किती तास लागतील आणि किती खर्च येईल, याचा अंदाज त्या खात्याने आधी काढायचा, तो राजपत्रात प्रसिद्ध करायचा, त्यावर लोकांची मते साठ दिवस आणि नंतर पुन्हा तीस दिवस मागवायची आणि मग राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडून मंजुरीचा क्रमांक घ्यायचा. ही मंजुरी फार तर तीन वर्षांची असते. मुदत संपली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. अर्जावर तो क्रमांक नसेल तर माहिती दिली नाही म्हणून कोणालाही दंड करता येत नाही. पेन्शन फंडांच्या मदतीच्या अर्जालाही हाच नियम लागू आहे. म्हणजे अब्जावधी डॉलर देणाऱ्या महामंडळालासुद्धा, तुमचे इतके तास आम्ही घेणार आहोत, हे आधी सांगून त्याची परवानगी काढावी लागते.

दुसरी गोष्ट मुदतीची. अर्ज आल्यापासून १२० दिवसांत महामंडळाने तो अपुरा, अपात्र किंवा चुकीच्या गृहीतांवर आधारलेला आहे असे कळवले नाही, तर तो मंजूर झाला असे कायद्यानेच मानले जाते. यालाही पळवाट आहे, नाही असे नाही. त्रुटी निघाल्या की फंडांनी अर्ज मागे घ्यायचा आणि दुरुस्त करून पुन्हा दाखल करायचा, असे तिथे पुष्कळदा घडले, आणि दिवस पुन्हा एकपासून मोजले गेले. तरीही कार्यालय गप्प बसले तर नुकसान कार्यालयाचे, अर्जदाराचे नव्हे, हे तत्त्व तिथे कागदावर तरी आले आहे.

आपल्याकडे काय आहे? पेन्शनचा दावा वीस दिवसांत निकाली काढावा आणि पुरेशा कारणाविना उशीर झाल्यास बारा टक्के दराने व्याज द्यावे, ते फंडाच्या आयुक्तांच्या पगारातून कापता येईल, असे १९९५ च्या योजनेत स्पष्ट लिहिले आहे. तरतूद वाचायला फार चांगली आहे. पण हे वीस दिवस मोजायचे ते ‘सर्व दृष्टींनी परिपूर्ण’ अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे ज्याने ठरवायचे तोच मुदतीला बांधलेला. अर्ज एकेका त्रुटीसाठी परत गेला की कागदोपत्री उशीर एक दिवसाचाही होत नाही आणि बाईंचे मात्र पाच महिने जातात. राज्य सरकारच्या सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे, त्यात अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंडाचीही सोय आहे, परंतु केंद्राच्या पेन्शनला तो लागू नाही, आणि अर्जदाराचे तास मोजण्याची कल्पना त्यातही नाही.

कागद सैल केला तर लबाडी वाढेल, असे कोणी म्हणेल. त्यावर ‘सेंट्रल स्टेट्स’चेच उदाहरण बोलके आहे. एवढी छाननी होऊनही त्या फंडाच्या यादीत ३,४७९ मृत सभासद राहून गेले आणि त्यांच्यापोटी सुमारे १२ कोटी ७० लाख डॉलर जास्त दिले गेले. महामंडळाच्या महानिरीक्षकांनी २०२३ मध्ये हे उघडकीस आणले आणि पुढच्या वर्षी फंडाने ते पैसे परत केले. चूक कुठे झाली? मृत्यूंची संपूर्ण नोंद सरकारच्याच सामाजिक सुरक्षा खात्याकडे होती, पण महामंडळाने यादी त्या नोंदीशी ताडून पाहिली नव्हती. पुढे महामंडळ ती स्वतः ताडून पाहू लागले. अर्जदाराकडून आणखी चार कागद मागवून ही चूक सुटली नसती.

आणि इथे मला आपला हयातीचा दाखला आठवतो. जन्मभर विड्या वळलेल्या बाईच्या बोटांवर रेषा उरत नाहीत. सेवा केंद्रातल्या यंत्रावर ती अंगठा ठेवते, यंत्र लाल दिवा दाखवते, ती बोट पदराला पुसून पुन्हा ठेवते, मग तर्जनी, मग डाव्या हाताचा अंगठा, आणि मागे रांगेतली माणसे चुळबुळ करू लागतात. समोर बसलेली बाई जिवंत आहे हे सर्वांना दिसते, फक्त यंत्राला पटत नाही. चेहरा पाहून दाखला देण्याची सोय आता मोबाईलवर आहे आणि हा दाखला नोव्हेंबरातच न देता वर्षात केव्हाही देता येतो व पुढे वर्षभर चालतो, या दोन्ही सुधारणा मनापासून चांगल्या आहेत. पण मृत्यूची नोंद महापालिका आणि ग्रामपंचायत करतातच. ती नोंद पेन्शनच्या यादीशी सरकारनेच जुळवली तर जिवंत माणसांना दरसाल हजेरी लावायला का बोलवावे?

मनात आले तर कार्यालयाला कागद कमी करता येतो, हेही आपण पाहिले आहे. जानेवारी २०२५ पासून या योजनेची पेन्शन देशातील कोणत्याही बँकेतून मिळू लागली आणि गाव किंवा बँक बदलल्यावर पेन्शनचा आदेश एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवण्याची कटकट संपली. ६८ लाखांहून अधिक पेन्शनरांचा त्यात फायदा आहे. उलट, सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर प्रत्यक्ष पगारावर आधारलेल्या वाढीव पेन्शनसाठी जे १७.४९ लाख अर्ज आले, त्यांत मालकाने जुन्या पगाराचा तपशील भरायचा होता आणि त्यासाठी मालकांना मुदतीमागून मुदत देत जानेवारी २०२५ उजाडला. मालकाला मुदतवाढ मिळते. कामगाराचा अर्ज मात्र पुसट शिक्क्यावर परत जातो.

म्हणून माझी विनंती आपल्या भागाच्या खासदारांना आणि श्रम मंत्रालयाला आहे. पेन्शनच्या प्रत्येक नमुन्यावर, तो भरण्यास किती वेळ लागतो हे छापावे आणि तो आकडा दर तीन वर्षांनी लोकांना विचारून तपासावा. त्रुटी काढायच्या त्या सर्व एकाच वेळी, पहिल्या परतीतच काढाव्यात. त्यानंतर नवी त्रुटी काढायची झाल्यास वीस दिवस पहिल्या अर्जापासूनच मोजावेत. जो कागद दुसऱ्या सरकारी कार्यालयात आहे, तो अर्जदाराकडून मागू नये. बंद पडलेल्या कारखान्याच्या सहीऐवजी फंडाकडे मालकाने वर्षानुवर्षे भरलेली विवरणपत्रे ग्राह्य धरावीत, कारण ती फंडाच्याच दप्तरात आहेत. यातल्या कशालाही तिजोरीतून मोठा पैसा लागत नाही.

तोवर एक काम मी माझ्यापुरते सुरू केले आहे. माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर, डाव्या समासात, अर्जदाराचे किती तास आणि किती रुपये गेले हे पेन्सिलीने लिहून ठेवतो. कोणाला ते आकडे पाहायचे असतील तर प्रती माझ्याकडे फाईलला लावलेल्या आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस,
सोलापूर